अविवाहित मुलीला ही लस कशाला?

प्रश्न : मला दोन मुली आहेत. थोरली १९ वर्षांची, धाकटी १२ वर्षांची. धाकटीच्या शाळेतून गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या एचपीव्ही लसीचे माहितीपत्रक आणि संमतिपत्र घरी आले आणि त्यावरून पालकसभेत सरळ दोन तट पडले. काहींचे म्हणणे, कर्करोग टळत असेल तर विचार कसला करायचा. तर काहींचे म्हणणे, लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराची लस शाळकरी मुलींना देणे म्हणजे त्यांना आपणच मोकळीक दिल्यासारखे आहे. माझे यजमान दुसऱ्या बाजूचे. हा सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे असेही त्यांना वाटते, आणि परदेशात या लसीमुळे मुली अंथरुणाला खिळल्याचे व्हिडिओ नणंदबाईंनी त्यांना पाठवले आहेत. हे सगळे चालू असताना थोरली म्हणाली, ‘मलाही घ्यायची आहे.’ माझ्या तोंडून पटकन निघून गेले, ‘का? तुला काय गरज?’ तेव्हापासून ती माझ्याशी तुटक वागते. दोघींना लस द्यावी का? थोरलीला उशीर झाला आहे का? आणि यजमानांना न सांगता दिली तर ते चूक ठरेल का?
— एक आई

उत्तर : आधी थेट उत्तर देते, कारण संमतिपत्राची मुदत तुमच्या डोक्यावर असणार. धाकटीला लस जरूर द्या. थोरलीला उशीर झालेला नाही. तिच्या वयात लसीचा फायदा काहीसा कमी होतो, पण संपत नाही, आणि तिने ती घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. यजमानांपासून लपवून काही करू नका; मात्र थोरलीच्या बाबतीत परवानगीचा प्रश्नच उद्भवत नाही, ती सज्ञान आहे.

कारणे जरा विस्ताराने सांगावी लागतील, कारण तुमच्या पालकसभेत झालेला वाद हा एक वाद नव्हता. लस उपयोगी आणि सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. तिच्यामुळे मुलींच्या वागण्यात फरक पडेल का, हा दुसरा. आणि कोणाच्या शरीराबद्दल कोणी, कशा पद्धतीने ठरवायचे, हा तिसरा. तिन्ही एका दमात बोलले गेले की एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला दिले जाते, आवाज चढतात आणि सभा संपते.

ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजे एचपीव्हीचे, दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी, काहींमुळे चामखीळ येते, आणि सुमारे चौदा प्रकार कर्करोगाला कारण होऊ शकतात. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत असतात. हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने हे दोन प्रकार १९८०च्या दशकात गर्भाशयमुखाच्या गाठींमधून शोधून काढले आणि त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६,६०,००० स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ३,५०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. ज्याचे कारण निश्चित माहीत आहे आणि ज्याला आधीच अडवता येते, असे कर्करोग फार थोडे आहेत. हा त्यांपैकी एक आहे, म्हणूनच मी या विषयावर तटस्थ राहू शकत नाही.

विषाणू जननेंद्रियांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आल्याने पसरतो, त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. लैंगिक संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होतो आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही, कारण दहापैकी नऊ वेळा शरीर स्वतःच दोन वर्षांच्या आत त्याला हुसकावून लावते. उरलेल्या काही जणींमध्ये तो ठाण मांडतो, पेशी हळूहळू बिघडवतो, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा हा प्रवास साधारणपणे पंधरा-वीस वर्षे चालतो.

तपासणीच्या टेबलावर हे कसे दिसते ते सांगते, कारण पत्रकांत ते नसते. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा लावायचा आणि मिनिटभर थांबायचे. निरोगी भाग गुलाबी राहतो. जिथे पेशी बिघडू लागल्या आहेत तिथे कडा स्पष्ट असलेला पांढरा चट्टा उमटतो. त्या वेळी त्या बाईला कसलाही त्रास होत नसतो, कित्येकदा ती शेजारणीला सोबत म्हणून आलेली असते. चट्टा वेळेत सापडला तर तो भाग गोठवून किंवा विजेच्या तारेने कापून काढता येतो, आणि ती बरी होते. तरुण वयात असा भाग कापावा लागला तर पुढच्या बाळंतपणात दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता मात्र थोडी वाढते. चट्टा कोणी पाहिलाच नाही, तर काही वर्षांनी तीच बाई अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाते किंवा संबंधानंतर रक्त जाते म्हणून येते. तेव्हा गर्भाशय काढणे, किरणोपचार, केमोथेरपी यांविषयी बोलावे लागते, आणि कधी कधी तेही बोलण्यासारखे उरलेले नसते.

अशा वेळी स्त्रिया मला एक प्रश्न हमखास विचारतात, तोही आवाज खाली करून : ‘डॉक्टर, माझा तर नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आला नाही, मग मला हे कसे झाले?’ उत्तर साधे आहे. संसर्गासाठी एकच जोडीदार पुरतो. त्याला तो लग्नाआधी केव्हातरी झालेला असू शकतो आणि त्यालाही त्याची कल्पना नसते. म्हणून ‘आमची मुलगी तशी नाही’ हे वाक्य या चर्चेत निरर्थक ठरते. तुमची मुलगी कशीही असली, तिने लग्नापर्यंत कोणाचा हातही धरला नाही, तरी ती ज्याच्याशी लग्न करील त्याचा पूर्वेतिहास तुम्हाला किंवा तिला माहीत असणार नाही.

आता ‘अविवाहित मुलीला कशाला?’ या आक्षेपाकडे येऊ. लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही. ती येऊ घातलेला संसर्ग अडवते. त्यामुळे ती देण्याची योग्य वेळ लैंगिक आयुष्य सुरू होण्याच्या आधीची, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते १४ वर्षे हा वयोगट प्रामुख्याने याच कारणासाठी ठरवला आहे. या वयात शरीराचा प्रतिसादही अधिक जोमदार असतो. म्हणजे ज्या कारणासाठी तुमचे यजमान लस नको म्हणत आहेत, त्याच कारणासाठी ती आत्ता द्यायची असते. हिपॅटायटिस बी हा आजारसुद्धा लैंगिक संबंधातून पसरतो, आणि त्याची लस अनेक देशांत बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत टोचली जाते. त्या बाळाच्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही. एचपीव्हीच्या लसीभोवती मात्र पहिल्यापासून मुलीच्या वागण्याची चर्चा जोडली गेली, कारण ती वयात येणाऱ्या मुलीला देतात आणि त्या वयाच्या मुलीकडे पाहताना आपल्याला आधी भीतीच वाटते.

या भीतीची प्रत्यक्ष पडताळणीही झाली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११-१२ व्या वर्षी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मिळून सुमारे १,४०० मुलींच्या पुढील तीन वर्षांपर्यंतच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या गेल्या. गर्भधारणा, लैंगिक संसर्ग, गर्भनिरोधकांविषयीचा सल्ला, या कशातही लस घेतलेल्या मुलींचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. दंडावर टोचलेली एक सुई मुलीचे नीतीविषयीचे विचार बदलत नसते. ते घरात, मैत्रिणींत आणि तिच्या स्वतःच्या मनात घडत असतात. याहून एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते आणि ती मी स्पष्टच लिहिते : मुलीने संबंध टाळावेत म्हणून तिला कर्करोगाच्या धोक्यात ठेवणे, हा विचार कितीही मायेच्या शब्दांत मांडला तरी तो मला मान्य नाही. पस्तीस-चाळीस वर्षांच्या बाईला, तिने तरुणपणी काय केले किंवा तिच्या नवऱ्याने काय केले याची शिक्षा म्हणून हा आजार व्हावा, असे तुमच्या यजमानांनाही वाटत नसणार. शांतपणे विचारले तर ते तसे म्हणतीलही.

नणंदबाईंच्या व्हिडिओंना मी उडवून लावणार नाही. त्यांतली दृश्ये बहुधा जपानमधली असतील, आणि तिथली हकीकत पूर्ण कळायला हवी. एप्रिल २०१३ मध्ये जपानने ही लस राष्ट्रीय लसीकरणात घेतली. थोड्याच आठवड्यांत अंगदुखी, हातापायांना झटके, चालता न येणे असा त्रास सुरू झालेल्या मुलींची चित्रे दूरचित्रवाणीवर सतत दिसू लागली. जूनमध्ये सरकारने लस बंद केली नाही, पण ती घ्या असे सांगणे थांबवले. जिथे ७० टक्क्यांच्या आसपास मुली लस घेत होत्या, तिथे पुढच्या वर्षांत हे प्रमाण १ टक्क्याच्याही खाली गेले. त्यानंतर नागोया शहराने, लसपीडितांच्या संघटनेच्याच मागणीवरून, एक मोठी पाहणी केली. सुमारे ३०,००० तरुणींनी २४ लक्षणांविषयीची प्रश्नावली भरून दिली. २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : लस घेतलेल्यांमध्ये आणि न घेतलेल्यांमध्ये ही लक्षणे सारख्याच प्रमाणात होती. जपानने एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा लसीची शिफारस सुरू केली आणि मधल्या काळात राहून गेलेल्या मुलींना लस घेण्याची संधी दिली; पण दरम्यान जवळजवळ नऊ वर्षे गेली होती. लसीकरण असेच ठप्प राहिले तर १९९४ ते २००७ या काळात जन्मलेल्या जपानी मुलींमध्ये पुढे ५,००० हून अधिक जादा मृत्यू होतील, असा अंदाज २०२० साली संशोधकांनी मांडला होता.

त्या मुलींचा त्रास खोटा होता असे मी म्हणत नाही. तो खरा होता आणि त्यांना उपचार मिळायला हवे होते. पण बारा ते सोळा हे वयच असे आहे की अर्धशिशी, दीर्घ थकवा, पाळीच्या वेदना, काही प्रतिकारशक्तीचे आजार नेमके याच काळात डोके वर काढतात. लाखो मुलींना याच वयात लस दिली की त्यांतल्या काही जणींचे दुखणे लसीनंतर सुरू होणारच, आणि आईला आठवतो तो लसीचाच दिवस. म्हणून एकेका मुलीच्या हकिगतीवरून ठरवता येत नाही; घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या मुली शेजारी ठेवून मोजावे लागते. ते मोजमाप एका देशात नाही, अनेक देशांत झाले आहे. लकवा, वंध्यत्व, बीजकोश अकाली निकामी होणे, यांचा लसीशी संबंध आढळलेला नाही.

जे होते ते असे : दंड दुखतो, कधी सुजतो, डोके दुखते, कणकण येते आणि एक-दोन दिवसांत उतरते. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एक-दोन वेळा दिसते, म्हणून लस जिथे द्यायची तिथे ॲलर्जीवरचे औषध हाताशी असावे लागते. किशोरवयीन मुलींना कोणत्याही इंजेक्शननंतर घेरी येण्याचे प्रमाण मात्र बऱ्यापैकी असते. रांगेत पुढची मुलगी भोवळ येऊन पडली की मागच्या मुलींचे हातपाय गार पडतात, आणि शाळेत हे लोण फार लवकर पसरते. कोलंबियातील एल कारमेन दे बोलिव्हार या गावात २०१४ साली शेकडो मुलींबाबत असेच घडले आणि तिथल्या चौकशीत लस सदोष असल्याचे आढळले नाही. म्हणून तुमच्या धाकटीला बसवून किंवा झोपवून लस द्यायला सांगा, त्याआधी तिचे पोट रिकामे नसू द्या, आणि नंतर पंधरा मिनिटे तिथेच बसू द्या.

लसीच्या कुपीत विषाणू नसतो, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचातले एकच प्रथिन यीस्टसारख्या पेशींमध्ये तयार करतात. ते आपोआप पोकळ गोळ्यासारखे जुळते आणि शरीराला ते विषाणूसारखे भासते. आत जनुके नसल्यामुळे त्यातून ना संसर्ग होऊ शकतो, ना कर्करोग.

उपयोगाबद्दलचा आक्षेप एके काळी रास्त होता, हे कबूल केले पाहिजे. २००६ साली अमेरिकेत पहिल्या लसीला मान्यता मिळाली तेव्हा चाचण्यांतून एवढेच सिद्ध झाले होते की कर्करोगाच्या आधीचे बिघाड कमी होतात. प्रत्यक्ष कर्करोग कमी होतो का, हे कळायला दहा-पंधरा वर्षे जावी लागणार होती, आणि ‘तोपर्यंत थांबा’ म्हणणारे सगळे अडाणी नव्हते. ती वर्षे आता गेली आहेत. स्वीडनमध्ये सुमारे १७ लाख मुली आणि तरुणींच्या नोंदी तपासून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सतराव्या वर्षाआधी लस घेतलेल्यांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग ८८ टक्क्यांनी कमी आढळला. १७ ते ३० या वयात घेतलेल्यांमध्ये ५३ टक्क्यांनी. तुमच्या थोरलीला लागू पडतो तो हा दुसरा आकडा, आणि निम्म्याहून अधिक धोका कमी होणे ही माझ्या दृष्टीने छोटी गोष्ट नाही. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली दिसले. स्कॉटलंडमध्ये १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या एकाही तरुणीला हा कर्करोग झालेला आढळला नाही, असे २०२४ साली तिथल्या नोंदींतून पुढे आले. या आकड्यांचा आधार कंपन्यांची जाहिरात नाही, तर त्या त्या देशांच्या कर्करोग आणि लसीकरणाच्या नोंदी आहेत. ‘धंदा आहे’ या यजमानांच्या म्हणण्याला माझे उत्तर एवढेच आहे : कंपन्या नफा कमावतात हे खरे आहे, म्हणूनच ज्यांना त्या नफ्याशी देणेघेणे नाही त्यांनी ठेवलेल्या नोंदी पाहाव्यात.

मात्र त्यांच्या अविश्वासाचा एक भाग मला पूर्णपणे पटतो. या लसीच्या बाजूने काम करणाऱ्यांनी काही ठिकाणी लोकांचा विश्वास स्वतःच्या हाताने घालवला आहे. २००७ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात राज्यपालांनी विधिमंडळाला बाजूला ठेवून आदेश काढला आणि सहावीत जाणाऱ्या मुलींना लस सक्तीची केली. लस बनवणारी कंपनी त्याच सुमारास राज्याराज्यांत सक्तीचे कायदे व्हावेत म्हणून प्रयत्न करत होती, हे उघड होते. लस येऊन वर्षही झाले नव्हते. गदारोळ उठला, कंपनीने माघार घेतली आणि विधिमंडळाने काही महिन्यांतच तो आदेश रद्द ठरवला. त्याहून गंभीर प्रकार भारतात घडला. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत हजारो मुलींना प्रकल्प म्हणून लस देण्यात आली. सात मुलींचा मृत्यू झाल्याचे कळल्यावर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. सर्पदंश, बुडणे, विषबाधा, ताप अशी वेगळी कारणे निघाली. पण त्याच चौकशीत हेही निघाले की कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते ओढायलाच हवे होते. गरीब घरातल्या, आईबापांपासून दूर राहणाऱ्या मुलींना कोणी काही विचारले नाही, हा अन्याय लस चांगली असल्याने पुसला जात नाही.

याच प्रकरणातून पुढे एक उपयोगी गोष्ट निष्पन्न झाली. त्या काळात भारतातच दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा दुसरा एक अभ्यास चालू होता. लसीकरण अचानक थांबल्यामुळे त्यातल्या हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनंतरही एका डोसाने १६ व १८ या प्रकारांपासून जवळजवळ तेवढेच संरक्षण मिळते असे दिसले. केनियात १५ ते २० वर्षांच्या, लैंगिक संबंध सुरू झालेल्या तरुणींवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही एका डोसाने दीड वर्षात या दोन प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग ९७ टक्क्यांहून अधिक टाळला. अशा पुराव्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले की ९ ते २० या वयात एक किंवा दोन डोस चालतील, २१ पासून पुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन, आणि एचआयव्ही किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल तर निदान दोन, शक्य असल्यास तीन. काही देशांत आजही पंधराव्या वर्षानंतर तीन डोस देतात, म्हणून थोरलीसाठी तुमच्याकडचे वेळापत्रक डॉक्टरांना विचारून घ्या.

मुलींनाच का, मुलांना का नाही, असे तुमच्या सभेत कोणी विचारले नसेल तर विचारायला हवे होते. हा विषाणू पुरुषांमध्ये घसा, गुदद्वार आणि लिंगाच्या कर्करोगाला कारण होतो, आणि स्त्रीपर्यंत तो बहुधा पुरुषाकडूनच पोहोचतो. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून आणि ब्रिटनने २०१९ पासून मुलग्यांनाही शाळेत लस द्यायला सुरुवात केली. जिथे लसींचा साठा अपुरा आहे तिथे मुलींना आधी द्यावी हे समजण्यासारखे आहे, कारण सर्वांत मोठा फटका त्यांना बसतो; पण जबाबदारी मुलींचीच आहे असा त्याचा अर्थ लावणे मला मंजूर नाही.

आता घरातल्या बोलण्याविषयी. थोरलीशी आधी बोला, धाकटीचे संमतिपत्र त्यानंतर. ‘तुला काय गरज’ या प्रश्नात तिला आरोप ऐकू आला, आणि तिच्या जागी कोणालाही तो ऐकू आला असता. तिला सांगा की तुमचे चुकले, आणि ती आरोग्याची काळजी घेत होती हे तुम्हाला दिसायला हवे होते. त्यापलीकडे तिची चौकशी करू नका. तिचा कोणाशी संबंध आहे की नाही, याच्यावर लस घेण्याचा निर्णय अवलंबून नाही. लस देण्यापूर्वी कोणत्याही अंतर्गत तपासणीची किंवा एचपीव्ही चाचणीची गरज नसते, आणि तसा आग्रह कोणी धरला तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. गर्भारपणात ही लस पुढे ढकलतात, आणि आधीच्या डोसाची किंवा लसीतल्या एखाद्या घटकाची तीव्र ॲलर्जी असेल तर देत नाहीत. अंगात ताप असेल तर तो उतरू द्यायचा. डॉक्टरांना एवढेच कळणे आवश्यक आहे, आणि ते तिने स्वतः, तुम्ही खोलीबाहेर असताना सांगितले तरी चालेल.

धाकटीला काहीच न सांगता दंड पुढे करायला लावू नका. बारा वर्षांच्या मुलीला इतके सांगणे पुरेसे आहे : एक विषाणू मोठेपणी शरीरसंबंधातून होतो, त्याने पुढे गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग होऊ शकतो, आणि ही लस तो संसर्ग होण्याच्या आधी घ्यायची असते. ती प्रश्न विचारील. एखाद्याचे उत्तर तुम्हाला येणार नाही, तेव्हा तसे सांगा आणि दोघी मिळून डॉक्टरांना विचारा. खम्ममच्या मुलींना जे मिळाले नाही ते आपल्या घरात तिला मिळू द्या. तिने ‘हो’ म्हणावे आणि तिला ते कशाला म्हणाली हे ठाऊक असावे.

यजमानांपासून चोरून लस देणे मी सुचवणार नाही. कळल्यावर ते लसीविषयी काहीच ऐकून घेणार नाहीत, आणि दुसऱ्या डोसाची गरज पडली तर पुन्हा तेच लपवालपवीचे ओझे मुलीच्या डोक्यावर येईल. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांचे सगळे प्रश्न, व्हिडिओंसकट, त्यांनाच विचारू द्या. त्यांचा रोख कंपन्यांवर आणि सक्तीवर असेल तर त्यात तथ्य आहे हे आधी मान्य करा. मग लस आणि लस राबवण्याची पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या काढणे सोपे जाते. तरीही ते नाही म्हणाले, तर घाईने भांडण ओढवून घेऊ नका. धाकटीचे वय बारा आहे; नऊ ते चौदा या काळात अजून वेळ आहे. फक्त तो विषय महिनोन्‌महिने बाजूला पडू देऊ नका.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. मुलींना लस मिळाली तरी पुढे त्यांना गर्भाशयमुखाची नियमित तपासणी करावीच लागेल, कारण लस सगळ्या धोकादायक प्रकारांना अडवत नाही. आणि तुम्हाला स्वतःला आता या लसीचा फारसा उपयोग नाही, तपासणीचा मात्र पुष्कळ आहे. किमान पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा एचपीव्ही चाचणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती उपलब्ध नसेल तर पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा ॲसेटिक ॲसिडची तपासणी ठरावीक अंतराने करता येते. तुमच्या पत्रात दोन मुली आहेत, यजमान आहेत, नणंदबाई आहेत, पण तुमची स्वतःची तपासणी झाली आहे की नाही याचा उल्लेख नाही. झाली नसेल तर थोरलीला लसीसाठी घेऊन जाल त्याच दिवसाची वेळ स्वतःसाठीही घ्या. पाळी चालू नसलेला दिवस निवडा. तपासणीला काही मिनिटेच लागतात.